कातडीपुरता लेप

शालनच्या नातवाचं जावळ काढलं, ते साल दोन हजार एकेचाळीस. गर्भलेप त्या भागात आला तोही त्याच साली. मामाच्या मांडीवर बसून पोरगं टाहो फोडत होतं, न्हावी वस्तरा भिजवत होता, आणि मांडवाच्या कडेला बायकांचा घोळका भलतंच काही बघत उभा होता. शालनची चुलत जाऊ पदर बाजूला करून आपलं पोट दाखवत होती. आतड्याला पीळ पडून महिन्यापूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं. टाके वीतभर पडले होते, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण दवाखान्यात सगळ्या तिला बघून आल्या होत्या. आता चीर कुठून कुठपर्यंत होती, हे तिचं तिलाही बोट ठेवून सांगता येईना. कातडी कशी, तर पोळपाटासारखी सपाट.

एक म्हातारी म्हणाली, "कामाला दांडी मारून झोपून आली असशील नुसती. फाडलं-बिडलं काही न्हाई." सगळ्या हसल्या. पण हसता हसता दोघी-तिघींचे हात आपापल्या पोटावर गेले.

बोरमाळ हे गाव द्राक्षाचं. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत माळावरच्या शेडांतून जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असत, आणि गावातल्या निम्म्या बायका बेदाणा निवडायला जात. शालनने वीस वर्षं तेच केलं होतं. काळा मणी वेगळा, देठाचा वेगळा, फुटका वेगळा. नवरा गेला, मुलगी उजवली, मुलगा हाताशी आला, तोवर तिची पन्नाशी उलटली. मग शेडात दुपारच्या सुट्टीत एक निवृत्त बाई शिकवायला येऊ लागल्या, आणि शालन त्या वयात खोक्याच्या पाठीवर खडूने अ, आ गिरवायला लागली. पोरं चेष्टा करायची. ती म्हणायची, हसा की, मला तुमची नावं लिहिता यायला लागली म्हणजे बघते एकेकाला.

त्या अक्षरओळखीच्याच जोरावर तिला नवं काम मिळालं. लेप लावायला प्रत्येक गावात एक बाई हवी होती. तारीख-वेळ वाचता येणारी, हलक्या हाताची, एका जागी बसायचा कंटाळा नसलेली. लेपसेविका म्हणायचे तिला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शमीम मुजावर यांनी शालनची बोटं बघितली आणि म्हणाल्या, बेदाणा निवडणारीची दिसतात, चालतील.

दहा दिवसांचं शिक्षण झालं. डॉक्टर बाई साध्या शब्दांत सांगायच्या. आईच्या पोटात असताना पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाला जखम झाली, तर ती वण न ठेवता भरते. जन्माला आलं की कातडी ती विद्या विसरते. मग जखम झाली की ती घाईने बुजवून टाकते, जसं आपण मातीच्या भिंतीची भेग सिमेंटने लिंपतो. भेग बुजते, पण ठिगळ दिसत राहतं. लेपात जिवंत पेशी असतात. त्या कातडीला विसरलेलं पुन्हा सांगतात, आणि कातडी ठिगळ न लावता मूळची वीण विणत जाते. तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा तो पापुद्रा असायचा. टाके घातल्यावर तिसऱ्या दिवशी लावायचा, एकवीस दिवस ओलसर आणि अंगाइतकाच ऊबदार ठेवायचा, दर चार तासांनी रंग बघायचा. पांढरा असला की काम चालू, गुलाबी झाला की मुरायला लागला, दिसेनासा झाला की संपलं.

एका बाईने विचारलं, "आत पण असंच भरतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लेप कातडीपुरता. आत जिथं शिवण पडली, तिथं शरीर आपल्या जुन्या रीतीनंच बुजवतं."

शालनने ते वहीत लिहून घेतलं. लेप कातडीपुरता. सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा तपासून. लिहिण्यात ती इतकी गुंतली होती की त्याचा पुढचा विचार करायला तिला सवड झाली नाही.

शेवटच्या दिवशी एका कागदावर सह्या घेतल्या. रुग्णाची गोष्ट रुग्णाच्या इच्छेशिवाय कुणालाही सांगणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. शालनने आजवर जिथं तिथं अंगठा दिला होता, अगदी नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा. आपल्या हाताने सही केलेला हा पहिला कागद. शालन बाळासो घागरे. तीन शब्द लिहायला तिला दोन मिनिटं लागली, आणि मागची रांग थांबून राहिली. अंगठा पुसला जातो, अक्षर राहतं, असं तिच्या मनाने घेतलं. त्या कागदाइतका कुठलाच कागद तिने पुढे कधी मानला नाही.

दुसऱ्या वर्षी सारिकाची मुलगी सानिका दवाखान्यात आली. सारिका म्हणजे शालनच्या गल्लीतलीच, वयाने धाकटी, तिला आक्का म्हणणारी. सानिका तेव्हा वीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष झालेलं. बाळ आडवं होतं, म्हणून पोट फाडून काढावं लागलं. मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. नवरा एकदा येऊन गेला, पुन्हा आला नाही. त्या घरात आधीपासूनच धुसफूस होती. सहा महिन्यांत सोडचिठ्ठीचे कागद आले.

त्या एकवीस दिवसांत शालन सानिकाजवळ बसून असायची. पोरगी बोलायची नाही. छताकडे बघत पडायची. शालन कोमट पाण्याने लेप ओला करायची आणि तिला शेडातल्या गमती सांगायची, कुणी मुकादमाच्या चहात बेदाणे टाकले, कुणाची सासू खुर्चीतच घोरते. विसाव्या दिवशी लेप दिसेनासा झाला. शालनने आरसा धरून तिला तिचं पोट दाखवलं. सानिकाने बराच वेळ बघितलं, मग पहिल्यांदा रडली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत शालन म्हणाली, "झालं बाई. जशी होतीस तशी झालीस. आता काही झालंच नाही असं समज."

दुखऱ्या माणसाला जे म्हणतात तेच ती म्हणाली होती. त्यात खोटं बोलायचा हेतू नव्हता.

पुढे दोन वर्षांनी सानिकाला स्थळ आलं. डाळिंबाच्या भागातलं घर, मुलगा धैर्यशील ठिबकच्या यंत्रांची दुरुस्ती करायचा, शांत स्वभावाचा. सारिकाने सांगितलं की, मुलीचं एकदा लग्न झालं होतं, पण चार महिनेही नांदली नाही, पटलं नाही, सुटली. बाळाचं नाव काढलं नाही. पूर्वी हे दडवणं जमलं नसतं. पोटावरचा वण कुठल्याही सासूला पहिल्याच सणात दिसला असता. आता दिसायला काही नव्हतं. राहिली दवाखान्याची नोंद. प्रत्येकाची आरोग्यनोंद एका कार्डावर असायची, पण आपल्याला नको ती नोंद झाकून घ्यायचा हक्क कायद्याने माणसाला दिला होता. सारिकाने लेकीला घेऊन जाऊन ती झाकून आणली. एकदा झाकली की मालकिणीने स्वतः सांगितल्याशिवाय ती डॉक्टरलाही उघडता येत नसे. लग्नात शालन पोटभर जेवली, आणि कुणी काही विचारलं नाही म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

दोन हजार सेहेचाळीसच्या जानेवारीत सानिकाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सासरच्यांच्या दृष्टीने हे पहिलंच होतं, म्हणून ती माहेरी आली. ओटी भरायला सासू आल्या, उज्ज्वलाबाई. हसऱ्या, धिप्पाड, आल्या आल्या सगळ्यांना नावं विचारून घेणाऱ्या. सुनेसाठी त्यांनी पाच जातीचे लाडू स्वतः वळून आणले होते. पंगतीत त्या नेमक्या शालनशेजारी बसल्या. शालन दवाखान्यातली आहे हे कळल्यावर तर त्यांनी तिचा हातच धरला.

"आक्का, तुम्ही जवळ आहात म्हणून मला घोर नाही," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण आहे पोरगी. पहिल्या खेपेला कळा लांबतात, नाही का?"

समोरून वाढायला आलेली सारिका पळी हातात धरून थांबली. शालनने तिच्याकडे बघितलं नाही. घास गिळला.

"व्हय," ती म्हणाली. "लांबतात."

पाहुणे गेल्यावर तिने सारिकाला परसात गाठलं. सासरी सांगू नको, पण निदान डॉक्टरला तरी सांग, एकदा सिझर झालेल्या बाईची वेगळी काळजी घेतात, हे तिने दवाखान्यात रोज बघितलं होतं. सारिका भांडी विसळत होती. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर तिथं सगळे ओळखणार, म्हणून तिने चाळीस किलोमीटरवरचं एक नवं प्रसूतिगृह धरलं होतं. ती म्हणाली, "सांगितलं की लिहितात. लिहिलं की कुणीतरी वाचतंच. आक्का, ती सासू चांगली आहे म्हणूनच भीती वाटती. वाईट असती तर पोरगी परत आली तरी मला एवढं वाटलं नसतं."

मग सारिकाने हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, "तू सही केली आहेस."

तिथं शालनचं तोंड मिटलं. घरी येऊन तिने स्वतःची समजूत घातली. डॉक्टर शिकलेली असते, यंत्रं असतात, त्यांना दिसेलच. कळा आपोआप आल्या तर कदाचित काही होणारही नाही. दोनदा ती एसटीच्या थांब्यापर्यंत गेली, त्या प्रसूतिगृहात जाऊन यावं म्हणून, आणि दोनदा परत आली.

यंत्रं होतीच. पण यंत्राला जे शोध म्हणून सांगावं तेवढंच ते शोधतं. पहिली खेप, आधी ऑपरेशन नाही, एवढं त्याला सांगितलेलं. त्याने बाळ बघितलं, बाळाभोवतीचं पाणी बघितलं, ठोके मोजले आणि सगळं ठीक म्हणून सांगितलं. गर्भपिशवीची भिंत एका जागी पातळ आहे का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिलच्या सतरा तारखेला सकाळी शालन शेडात गेली होती. लेपाचं काम नसेल त्या दिवशी ती अजूनही निवडायला बसायची. साडेआठच्या सुमाराला सारिकाची जाऊ पाटी घेऊन आली आणि बसता बसता म्हणाली, सानिकाला सहा दिवस वर गेलेत, काल भरती केलीय, कळा येईनात म्हणून आज पहाटेपासून कळांची सलाईन लावलीय.

शालनच्या हातातला मणी खाली पडला. तालुक्याच्या दवाखान्यात सिझर झालेल्या बाईच्या कार्डावर लाल पट्टी असायची. त्या पट्टीचा अर्थ तिला पाठ होता. हिला ती सलाईन लावायची नाही. आतली जुनी शिवण त्या जोराला टिकेलच असं नसतं.

ती शेडाबाहेर आली आणि प्रसूतिगृहाला फोन लावला. तिथं माणूस नव्हता, बोलणारं यंत्र होतं. गोड आवाजात त्याने विचारलं, आपण रुग्णाच्या कोण? शालन म्हणाली, कुणी न्हाई, गावातली आहे, पण डॉक्टरला एक सांगायचं आहे. रुग्णाने ज्यांची नावं दिली आहेत त्यांच्याकडूनच माहिती घेता येते, असं सांगून यंत्राने तिला शुभ दिवस चिंतला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. सारिकाचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तेव्हा तिने सारिकाच्या जावेकडून धैर्यशीलचा नंबर घेतला. पंधरा दिवसांपासून मनात घोळवलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना, म्हणून जे तोंडाला आलं ते बोलली.

"जावईबापू, मी शालन. सानिकाला आधी एक बाळ झालं होतं."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. तो कुठंतरी आडोशाला गेला असावा. "मावशी, ते मला ठाऊक आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "लग्नाआधीच तिनं सांगितलंय. आईला तेवढं कळू देऊ नका."

"झालं ते ठाऊक आहे. कसं झालं ते?"

"कसं म्हणजे?"

"पोट फाडून, बाबा. सिझर करून."

तो म्हणाला, "पण तिच्या पोटावर तर काहीच नाही."

"मीच पुसलंय ते. आत तसंच आहे. पळ, आधी ती सलाईन थांबवायला सांग."

फोन चालूच राहिला. तिला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला, जिन्यावरचा, मग फरशीवरचा, मग कुणाला तरी हाका मारणं, मग काही नाही.

नंतर जे कळलं ते असं. धैर्यशील खोलीत पोचला तेव्हा सानिकाच्या कळा एकाएकी थांबल्या होत्या. सारिकाला वाटलं, बरं झालं, पोरीला जरा विसावा मिळाला. सानिकाचे ओठ पांढरे पडत चालले होते. धैर्यशीलने डॉक्टरला एका वाक्यात सांगितलं. डॉक्टर तरुण होती. तिने पोटावर हात ठेवला, आणि मग कुणाला काही न विचारता सानिकाला आत नेलं. जुन्या शिवणीवर पिशवी फाटली होती. अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर आईही हातची गेली असती, असं ती नंतर म्हणाली. बाळ बाहेर काढलं, ते रडलं नाही, पण ठोके चालू होते म्हणून त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पिशवी काढून टाकावी लागली.

शालन बेदाण्याच्या टेम्पोत बसून साडेअकराच्या सुमाराला तिथं पोचली. बाहेरच्या बाकावर सारिका भिंतीला डोकं टेकून बसली होती. उज्ज्वलाबाई मुलासमोर उभ्या होत्या. त्यांना तोवर सगळं कळलं होतं.

"मला सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं?" त्या विचारत होत्या.

"लग्न करू दिलं असतंस?" धैर्यशीलने विचारलं.

उज्ज्वलाबाईंनी तोंड उघडलं. त्या बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या सारिकाच्या शेजारी, तिला न शिवता, बाकावर बसल्या.

तिसऱ्या दिवशी सानिकाने शालनला बोलावून घेतलं. लेपाची थंड पेटी येऊन पडली होती. तिथल्या लेपसेविकेला तिने हात लावू दिला नव्हता. शालनला वाटलं, ओळखीचा हात हवा असेल. तिने हात धुतले, पेटी उघडली, चिमट्याने पापुद्रा उचलला. सानिकाने आपला तळहात पोटावर ठेवला आणि तो हलवला नाही.

"मावशी, तुम्ही म्हणाला होता, काही झालंच नाही असं समज."

"व्हय," शालन म्हणाली. "मीच म्हणाले होते."

"मी तसंच समजले. इथं विचारलं, आधी ऑपरेशन? आई नाही म्हणाली. मी तिथंच होते. मला वाटलं, खरंच नाही. काही उरलंच नाही तर सांगायचं काय? ह्यांना बाळाचं सांगितलं. बाळ झालं होतं, ते मी विसरले नव्हते. पण ते कुठून काढलं, ते मी..." तिने पुढचं सोडून दिलं. मग म्हणाली, "हे राहू दे. कसं भरायचं तसं भरू दे."

शालनने तिला समजावलं नाही. लेप जिवंत असतो, पेटीबाहेर तासाभरात लावला नाही तर मरतो. तिने तो काचेच्या बशीत ठेवला आणि पलंगाशी बसून राहिली. आधी त्याच्या कडा सुकल्या, मग मधला ओलेपणा गेला, मग तो बशीला चिकटून कागदासारखा झाला. सानिका तोवर झोपली होती. धैर्यशील पायथ्याशी बसून होता. उज्ज्वलाबाई घरी गेल्या होत्या, पण जाताना पेजेचा डबा ठेवून गेल्या होत्या, आणि संध्याकाळी येते म्हणाल्या होत्या. त्या येणार की नाही, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

शालन बाहेर आली, तेव्हा सारिका नळावर डबा धुवत होती. वर न बघता तिने विचारलं, "आक्का, वण राहिला असता तर माझ्या पोरीचं घर उभं राहिलं असतं का?"

शालनने हे स्वतःला कालपासून दहादा विचारलं होतं. तिने सारिकाच्या हातातला डबा घेतला, नळ बंद केला आणि म्हणाली, "आणि तो वण बघूनही तिला सांभाळणारं घर कधी उभं राहायचं, सारिके?"

दोघी आत वळल्या. आत पोरगी उठायची वेळ झाली होती.

सानिका आणि धैर्यशील यांची मुलगी मंगळवारी, सतरा एप्रिल दोन हजार सेहेचाळीस रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली. ती दोन तास जगली. तिचं नाव ठेवलेलं नव्हतं.